विमान बदलण्यासाठीही व्हिसा का लागतो?

पुण्याच्या एकाच कारखान्यातले दोन इंजिनीअर लंडनमार्गे ब्राझीलला निघाले आहेत, असं समजा. मध्यरात्री मुंबई विमानतळावर काउंटरवरची मुलगी दोघांच्या पासपोर्टची पानं उलटते. एकाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्याला बोर्डिंग पास मिळतो. दुसऱ्याला ती विचारते, "ट्रान्झिट व्हिसा?" लंडनमध्ये त्याला विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचं नाही, तरी तो इथेच अडकतो.

मूळ विचार याच्या अगदी उलट होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या १९४४ च्या शिकागो कराराला १९४९ मध्ये जोडलेल्या नवव्या परिशिष्टाचा सगळा रोख प्रवाशाचा खोळंबा कमी करण्यावर होता. तेव्हाची विमानं अटलांटिक ओलांडताना आयर्लंडमधल्या शॅननला इंधनासाठी थांबत. तिथे ताटकळणारे प्रवासी देशात आलेच नाहीत असं धरून १९४७ मध्ये जगातलं पहिलं ड्युटी-फ्री दुकान निघालं.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. श्रीलंका, इराण, अफगाणिस्तानातून जीव वाचवून निघालेली माणसं तिसऱ्याच देशाचं तिकीट काढत आणि वाटेत उतरून आश्रय मागत. त्यांना दुसरी वाटच नव्हती, हे विसरता कामा नये. फेब्रुवारी १९८७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर परत पाठवलं जात असताना श्रीलंकेतून आलेल्या पन्नासहून अधिक तमिळांनी धावपट्टीजवळ अंगावरचे कपडे उतरवून निषेध केला. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला. योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला, तर विमान कंपनीला माणशी १००० पौंड दंड. १९९१ मध्ये तो दुप्पट झाला. सीमेवरची तपासणी अशी लंडनहून उठून थेट मुंबईच्या, कोलंबोच्या काउंटरवर आली. १९९३ च्या कायद्याने तर फक्त विमान बदलणाऱ्यांवरही व्हिसा लादण्याचा अधिकार सरकारला दिला.

मार्च १९९६ मध्ये युरोपीय संघाने, ज्यांच्या नागरिकांना विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागेल अशा दहा देशांची सामायिक यादी केली. त्यात श्रीलंका होता, भारत नव्हता. पण सदस्य देशांना स्वतःची वेगळी यादी ठेवायची मुभा होती आणि जर्मनी, फ्रान्सने भारतीयांना वर्षानुवर्षं हा व्हिसा घ्यायला लावला.

त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. १९९२ मध्ये चार सोमाली भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर वीस दिवस अडवून ठेवलं होतं. ट्रान्झिट विभाग म्हणजे फ्रान्स नव्हे, ही पळवाट न्यायालयाने बंद केली. व्हिसाची अट मात्र तशीच राहिली.

अमेरिकेचं कारण वेगळं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दहशतवादाच्या धास्तीने ऑगस्ट २००३ मध्ये तिथली विनाव्हिसा ट्रान्झिटची सवलत थांबवण्यात आली.

आणि आज ब्रिटन ज्या भारतीयांना या अटीतून सूट देतं, त्यांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असलेले येतात. पुण्याचा पहिला इंजिनीअर म्हणूनच विमानात बसतो. दुसरा टॅक्सीने घरी परततो.