रात्रीची भाकरी गाळून तीन महिन्यांची शुगर फसत नाही

उद्या शुगर तपासायची म्हणून आज रात्रीची भाकरी गाळायची, हा प्रकार जळगाव-धुळ्याकडे नवा नाही. सकाळी आकडा बरा येतो, "मनी शुगर नॉर्मल शे" म्हणत माणूस शेवभाजीवर बसतो आणि कधी गोळीही परस्पर बंद करतो. म्हणूनच डॉक्टर एचबीए१सी, म्हणजे 'तीन महिन्यांची शुगर' करायला सांगतात. ती उपासाला का बधत नाही, यातलं रसायन मला फार आवडतं.

लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा पहिलाच दुवा व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल. ग्लुकोज पेशीत शिरून त्याला चिकटतं. त्यासाठी विकर (एन्झाइम) लागत नाही. आधीची जोड कच्ची, सुटू शकणारी. तिला शिफ बेस म्हणतात. मग अणूंची अमादोरी फेरमांडणी होते आणि जोड पक्की बसते. तव्यावर भाकरीला पडणारे खरपूस डाग याच रासायनिक कुळातले. तिथे धग लागते, इथे ३७ अंश पुरतात, फक्त दिवस लागतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर हा हिशोब साठत जातो. त्यात तपासणीआधीच्या शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपचार घेणाऱ्या बहुतेकांनी हा आकडा ७ च्या खाली ठेवायचा. मधुमेह मुळापासून घालवतो म्हणणाऱ्या चूर्णवाल्याकडे हाच आकडा मागावा, आधीचा आणि नंतरचा.

पण पेशीच लवकर मेली तर? सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात त्याच साखळीतला सहावा दुवा, ग्लुटामिक आम्ल, जाऊन तिथे व्हॅलिन येतं. आई-वडील दोघांकडून हा बदल आला असेल, तर पेशी १०-२० दिवसांतच संपतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि रिपोर्ट फसवा चांगला येतो. एकाकडूनच बदल आलेल्या नुसत्या वाहकाच्या पेशी बहुधा पुरतं जगतात, पण काही यंत्रांची मोजणी तिथेही गोंधळते. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा उलट फुगलेला दिसू शकतो.

तेव्हा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर शुगरच्या डॉक्टरांनाही ते सांगावं. अशा वेळी ते जेवणाआधीच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या नोंदी पाहतात, किंवा फ्रुक्टोसामाइन करायला सांगतात. या तपासणीत चिकटलेली साखर हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातल्या प्रथिनांवर मोजली जाते आणि ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगते.