बेरोजगारी विमा लाभ आणि मराठवाडा

नोकरीत असताना भरलेल्या वर्गणीच्या आधारे, नोकरी गेल्यानंतर ठरावीक मुदतीपुरता मिळणारा रोख भत्ता म्हणजे बेरोजगारी विमा लाभ होय. भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार बेकारीच्या काळात लोकांना साहाय्य मिळण्याची तरतूद करावी, असे राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. पण हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत मोडत असल्यामुळे त्याच्या बळावर कोणाला न्यायालयात भत्ता मागता येत नाही. प्रत्यक्षात हा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या दोन योजनांतून मिळतो. ग्रामीण भागात रोजगार हमीच्या कायद्यातील बेकारी भत्ता त्याच्या जवळ जाणारा आहे, मात्र तो विमा नव्हे. मराठवाड्यात हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीकडे अर्जदाराचे भवितव्य बेकारी किती खरी आहे यापेक्षा कामाची किंवा मागणीची नोंद कोणत्या तारखेला कोणाच्या दप्तरी झाली यावर ठरते.

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेची अंमलबजावणी सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत किंवा जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ही योजना ‘ईएसआय’ या नावानेच ठाऊक असते आणि तिची ओळख बहुधा दवाखान्यापुरती असते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक स्वतःचे ३.२५ टक्के घालतो आणि ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. १५,००० रुपये पगाराच्या माणसाचे यात महिन्याला सुमारे ११३ रुपये जातात. पगारपत्रकावरील या लहानशा कपातीतच बेकारीच्या भत्त्याचा हक्क दडलेला आहे, ही गोष्ट अनेकांना काम सुटल्यावर कळते आणि काहींना कळतच नाही.

महामंडळाची पहिली बेकारी योजना १ एप्रिल २००५ पासून लागू झालेली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही आहे. कारखाना बंद पडणे, कायदेशीर कामगार कपात होणे किंवा कामावरील अपघाताखेरीज अन्य कारणाने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, या कारणांनी नोकरी गेली तरच ती उपयोगी पडते. भत्ता जास्तीत जास्त २४ महिने मिळतो. पहिल्या १२ महिन्यांत वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील १२ महिन्यांत २५ टक्के. त्या काळात स्वतःला व कुटुंबाला वैद्यकीय सेवाही मिळते. लाभ भरघोस असला तरी दार अरुंद आहे. मराठवाड्यातील कंत्राटी कामगाराला कोणी रीतसर कपातीची नोटीस देत नाही. ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगतो आणि गेटवर पास घेतला जात नाही. कायद्याच्या भाषेत ही कपात ठरवायला लागणारी कागदपत्रे त्याच्याकडे नसतात.

ही अडचण काही अंशी दूर करणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आली. प्रारंभी ती दोन वर्षांसाठी प्रायोगिक होती. भत्ता सरासरी दैनिक कमाईच्या फक्त २५ टक्के होता, तो बेकारीचे ९० दिवस उलटल्यानंतर मिळे, दावा मालकामार्फत पाठवावा लागे आणि एबी-१ ते एबी-४ या नमुन्यांबरोबर २० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. ज्या मालकाने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी पुन्हा त्याच्या दारात जाण्याची ही अट योजनेच्या हेतूवरच पाणी फिरवणारी होती. टाळेबंदीनंतर २० ऑगस्ट २०२० रोजी महामंडळाने नियम सैल केले : भत्ता ५० टक्के झाला, थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि कामगाराला शाखा कार्यालयाकडे थेट दावा करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रतिज्ञापत्राची सक्तीही उठवण्यात आली. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळापुरत्या दिलेल्या या सवलतींची आणि मूळ योजनेचीही मुदत पुढे वेळोवेळी वाढवत नेण्यात आली. योजना कायमस्वरूपी नसल्याने दावा करण्यापूर्वी चालू मुदतीची चौकशी शाखा कार्यालयात करणे इष्ट ठरते.

पात्रतेचा कणा म्हणजे वर्गणीचे दिवस. वर्षाचे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे दोन वर्गणी काळ मानले जातात. कामगार किमान दोन वर्षे विमापात्र नोकरीत असावा, नोकरी सुटण्याच्या लगतच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी निदान एका काळात पुन्हा ७८ दिवस भरलेले असावेत, अशा अटी आहेत. गैरवर्तनामुळे काढलेला, निवृत्तीचे वय झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार पात्र नसतो. एकापेक्षा अधिक मालकांकडे विमाधारक असलेला माणूस सर्व ठिकाणचे काम सुटल्यावरच बेकार मानला जातो. लाभ आयुष्यात एकदाच, कमाल ९० दिवसांचा आहे.

भत्ता काढण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण घोषणेतील ‘पन्नास टक्के’ आणि हाती पडणारी रक्कम यांत अंतर पडते ते येथेच. आधीच्या चार वर्गणी काळांतील एकूण कमाईला ७३० ने भागून दैनिक सरासरी काढतात आणि तिच्या निम्मा भत्ता देतात. दोन वर्षे अखंड १५,००० रुपये मासिक वेतन मिळवणाऱ्याची कमाई ३,६०,००० रुपये भरते. तिची दैनिक सरासरी सुमारे ४९३ रुपये, निम्मे साधारण २४६ रुपये ५० पैसे आणि ९० दिवसांचे सुमारे २२,१९० रुपये होतात. याउलट, रोज ५०० रुपये हजेरीवर प्रत्येक सहामाहीत १०० दिवस भरलेल्या कंत्राटी कामगाराची दोन वर्षांची कमाई २,००,००० रुपये होते आणि त्याला ९० दिवसांचे सुमारे १२,३३० रुपये मिळतात. तो ५०० रुपये रोजाचा माणूस असला तरी त्याचा भत्ता दिवसाला १३७ रुपयांच्या आसपासच राहतो, कारण भाजक ७३० हा ठरलेला आहे आणि रिकामे गेलेले दिवसही त्यात मोजले जातात. औद्योगिक वसाहतीत काही महिन्यांनी कामगाराला ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्या नावाने किंवा दुसऱ्या ठेकेदाराकडे घेण्याची जी रूढी आहे, तिचा फटका असा हिशेबात उतरतो. ब्रेकमुळे पात्रता टिकली तरी रक्कम झिजते.

ब्रेकचा दुसरा परिणाम विमा क्रमांकावर होतो. हा क्रमांक कामगाराला जन्मभरासाठी एकदाच मिळतो आणि नव्या ठिकाणी रुजू होताना तोच द्यावयाचा असतो. पण ठेकेदार बदलला की कारकून घाईने नवी नोंदणी करतो, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे होते, आणि एकाच माणसाच्या नावे दोन क्रमांक तयार होऊन त्याची वर्गणी दोन खात्यांत विभागली जाते. मग दोन्हीकडे दोन वर्षे पुरी होत नाहीत. शाखा कार्यालयात अर्ज देऊन क्रमांक एकत्र करून घेता येतात, परंतु हे काम नोकरी चालू असताना करणे सोपे असते. नोकरी सुटल्यावर जुन्या ठेकेदाराचा पत्ता लागेलच असे नाही.

दावा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून भरतात. आधार आणि बँक खात्याचा तपशील विमा नोंदीशी जुळलेला असणे आवश्यक असते. आधार कार्ड व पासबुकाच्या प्रती त्याच वेळी जोडल्या तर कागद घेऊन जाण्याची गरज उरत नाही. त्या जोडल्या नसतील तर सही केलेली छापील प्रत कागदपत्रांसह शाखा कार्यालयात द्यावी लागते. वसाहतींच्या आसपासच्या सेतू किंवा ऑनलाइन केंद्रांवर अर्ज भरून घेण्याची पद्धत सर्रास आहे. तेथे केंद्रचालकाचा मोबाइल क्रमांक न देता स्वतःचाच द्यावा, कारण पुढचे सर्व संदेश त्यावरच येतात. बेकारी सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत दावा करावा लागतो आणि अजून न उजाडलेल्या दिवसांसाठी आगाऊ दावा करता येत नाही. मध्येच दुसरे काम मिळाले तर भत्ता त्या दिवसापर्यंतच मिळतो. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. खोटे निवेदन केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस लाभास मुकतो, आणि एकाच काळासाठी महामंडळाचा दुसरा रोख लाभ व हा भत्ता एकत्र घेता येत नाही.

दावा अडतो तो बहुतेक वेळा एका तपशिलावर. मालकाने दरमहा भरावयाच्या विवरणात, ज्याचे दिवस शून्य आहेत त्या कामगारापुढे कारण आणि शेवटचा कामाचा दिवस नोंदवायचा असतो. ठेकेदाराने तेथे ‘काम सोडले’ ऐवजी ‘रजेवर’ असे निवडले, तर कार्यालयाच्या दृष्टीने तो कामगार अजून नोकरीतच असतो. म्हणून काम सुटल्याच्या पुढच्या महिन्यात स्वतःच्या लॉगिनमध्ये वर्गणीची नोंद पाहावी आणि चूक असल्यास ठेकेदाराला, तो दाद देत नसेल तर मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावे. पगारचिठ्ठ्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि गेटपासची छायाप्रत जपून ठेवलेली असेल तर शाखा कार्यालयाला पडताळणी करणे सुकर जाते. महामंडळाच्या कार्यालयांत दरमहा ‘सुविधा समागम’ नावाची तक्रार बैठक होते, तेथेही असे दावे मांडता येतात.

मराठवाड्याच्या दृष्टीने या विम्याची सर्वांत मोठी त्रुटी त्याच्या व्याप्तीतच आहे. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ तयार करणे, कापसाची सरकी काढणे, गाठी बांधणे आणि भुईमूग फोडणे ही कामे नाव घेऊन घातली. नव्या संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच आहेत. लातूर, धाराशिव, नांदेड आणि बीड जिल्ह्यांतील साखर कारखाने व परभणी, जालना, बीडकडच्या जिनिंग-प्रेसिंग म्हणजे या विभागाचे मुख्य शेतीआधारित उद्योग. म्हणजे ज्यांची बेकारी दरवर्षी पंचांगासारखी ठरलेली आहे, नेमके तेच कामगार बेकारीच्या विम्याला पारखे आहेत. साखर कारखान्यांतील कायम हंगामी कामगारांना गळीत हंगाम संपल्यावर वेतन मंडळाच्या निवाड्यांनुसार ‘रिटेन्शन’ नावाचा भत्ता मिळतो, पण तो मालक देतो आणि कारखाना आर्थिक अडचणीत आला की थकतो. ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा असतो, आणि कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, घरी परतल्यावर जे महिने रिकामे जातात त्यांना कोणत्याही वर्गणीचा आधार नाही.

अशा कुटुंबांसाठी उरतो तो रोजगार हमीचा मार्ग. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली महाराष्ट्राची योजना १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या खडी फोडण्याच्या कामांवर खऱ्या अर्थाने विस्तारली. तिला कायद्याचे रूप देणारा १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागूनही काम न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते. रक्कम हास्यास्पद असली तरी काम न देणे हा शासनाचा दोष आहे हे त्या एका रुपयाने मान्य केले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हा भत्ता वाढवला : मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एकचतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा. २००६ च्या पहिल्या टप्प्यात राज्यातील १२ जिल्ह्यांत औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड आणि हिंगोली हे मराठवाड्याचे तीन जिल्हे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. त्यातही बेकारी भत्त्याची तरतूद ठेवली आहे.

या भत्त्याचा अर्ज वेगळा असा नसतो; कामाची मागणी हाच त्याचा पाया. जॉब कार्डधारकाने नमुना ४ मध्ये मागणी लिहून ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात द्यावी आणि नमुना ५ ची तारीख घातलेली पोच हातात घ्यावी. पंधरा दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते. पोच मिळत नाही, हीच गावोगावची तक्रार आहे : ग्रामरोजगार सेवक ‘काम निघाले की सांगतो’ म्हणतो, मागणी तोंडी राहते आणि काम सुरू झाल्या दिवशीच अर्ज लिहिला जातो, त्यामुळे कागदोपत्री उशीर कधी होतच नाही. भत्ता राज्य शासनाच्या तिजोरीतून द्यावा लागत असल्याने यंत्रणेलाही पोच देण्याची उत्सुकता नसते. संघटित मजूर म्हणूनच समूहाने जाऊन पोच घेतात, किंवा पंचायत नकार देत असेल तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवून टपालाची पावती जपतात.

बेकारी भत्ता समजून इतर काही योजनांकडेही लोक वळतात. भविष्य निर्वाह निधी काढणे म्हणजे स्वतःची बचत मोडणे होय. राज्याच्या रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवल्याने नोकरीच्या संधी कळतात, भत्ता सुरू होत नाही. आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतील दरमहा ६,००० ते १०,००० रुपये हे प्रशिक्षणाचे विद्यावेतन असून ते प्रशिक्षण संपताच थांबते.