पडद्यावरचा ‘ल’ : पार्श्वभूमी

मराठी ‘ल’ला मधल्या देठाच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या असतात. उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ हिंदीच्या वळणाचा. पहिलीतलं मूल पाटीवर पाकळीचा ल गिरवतं आणि आईच्या फोनवर त्याला बहुतेकदा दंडाचा दिसतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कलकत्ता इथे वेगवेगळ्या वळणांचे छपाईचे खिळे ओतले गेले. पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेने मुंबईचे अ, झ, ण घेतले, पण ल आणि श उत्तरेचेच ठेवले. देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी भरलेल्या १९५३ च्या लखनौ परिषदेने ‘ख’ खालून जोडायला सांगितलं, कारण सुटा ख ‘रव’ वाचला जाई. ते टिकलं. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायची शिफारस मात्र लवकरच मागे घ्यावी लागली.

संगणकावर गुंता वाढला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकी प्रमाणात, दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे. माझ्या मते ते योग्यच झालं, नाहीतर शोधताना ‘लता’ हे दोन वेगळे शब्द ठरले असते. पण त्यामुळे वळण ठरवण्याचं काम फाँटवर आलं. विंडोज २००० सोबत आलेल्या ‘मंगल’ फाँटमध्ये दंडाचाच ल होता, आणि कचेऱ्यांतल्या कित्येकांची युनिकोडशी पहिली ओळख त्याच फाँटने झाली. ‘मराठी फाँट’ या शब्दानेही घोळ घातला. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याचा अर्थ एवढाच होता, की त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हं होऊन उघडे. आजही कोणत्याही देवनागरी फाँटला लोक मराठी म्हणतात, मग त्यातला ल कसाही असो.

महाराष्ट्राच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले. दोन्ही वळणं वाचता येतात, मग एवढा आग्रह कशाला, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि अजूनही म्हटलं जातं. मला तो आग्रह रास्त वाटतो. हाताला लागलेलं वळण छापात दिसायला हवं. अडचण निर्णय अमलात येण्याची आहे. काही फाँटमध्ये दोन्ही ल असतात, पण मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण लावली आणि प्रोग्रामने ती मानली, तरच पाकळी उमलते. ही खूण टाइप करणाऱ्याला दिसत नाही आणि ती लावायची असते हे त्याला कोणी सांगत नाही. इथला प्रत्येक ‘ल’ मी पाकळीचा समजून लिहिला; तुमच्या पडद्यावर तो कसा उमटेल, ते माझ्या हातात नाही.