दाद कोणी मागायची? पर्यावरण-न्यायाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

पर्यावरणाचे किती खटले कोर्टात उभे राहिले आणि किती जिंकले गेले, हे निकालपत्रे चाळून सांगता येते. जे कोर्टापर्यंत पोचलेच नाहीत त्यांची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते. कोणाला 'तुमचा काय संबंध?' म्हणून परत पाठवलेले असते, कोणी वकिलाची फी ऐकूनच माघारी फिरलेले असते, तर कोणाला कळते तेव्हा झाडे पडून गेलेली असतात. पर्यावरणाच्या बाबतीत लोकांना न्याय कितपत आवाक्यात आहे, हे तपासायची खटपट सुरू झाली ती या न दिसणाऱ्या माणसांमुळे.

यातला 'तुमचा काय संबंध?' हा प्रश्न सगळ्यात जुना. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत मिनरल किंग नावाचे खोरे आहे. डिस्ने कंपनीला तिथे सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून स्कीइंगचे रिसॉर्ट उभारायचे होते. सिएरा क्लब ही निसर्गरक्षणासाठी काम करणारी संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेली. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की निसर्गाबद्दल आस्था असणे पुरेसे नाही. संस्थेच्या सभासदांचे स्वतःचे काय नुकसान होणार ते दाखवा. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी भिन्नमत लिहिले: खोऱ्यालाच वादी होऊ द्या. पुढची गोष्ट मला निकालाहून जास्त बोलकी वाटते. आमचे सभासद त्या खोऱ्यात भटकंतीला जातात, अशी दुरुस्ती दाव्यात केल्यावर दार उघडले. प्रकल्प रेंगाळला, बारगळला आणि १९७८ मध्ये ते खोरे सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात सामील झाले. म्हणजे अडले होते ते एका परिच्छेदावर!

पुढे ही अट निरनिराळ्या देशांत सैल होत गेली. १९८०च्या दशकात भारतात जनहित याचिका रुळल्या आणि साध्या पत्रालाही याचिका मानले जाऊ लागले. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मुलांना अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेही जंगलतोडीविरुद्ध दाद मागू दिली.

या सगळ्याला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली ती संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतल्या १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात. त्याच्या दहाव्या तत्त्वात तीन गोष्टी एकत्र आल्या: माहिती, निर्णयात सहभाग आणि दाद मागण्याची सोय. पण तो जाहीरनामा, बंधनकारक काहीच नाही. ते काम २५ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात झालेल्या, मुख्यतः युरोपातल्या देशांच्या ऑर्हूस कराराने केले. तो ३० ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याचे नववे कलम म्हणते, की दाद मागण्याची प्रक्रिया न्याय्य आणि वेळेत होणारी हवी, आणि खर्च लोकांना अडवण्याइतका नको. मात्र त्याच कलमात देशांना स्वतःचे निकष ठेवायची मुभाही आहे. निम्मी भांडणे त्या मुभेवरूनच झाली असावीत. करार पाळला जातो का, हे पाहायला २००२ पासून एक समिती आहे आणि तिच्याकडे सरकारांबरोबर सामान्य माणूसही तक्रार करू शकतो. या समितीने करारात सामील असलेल्या खुद्द युरोपीय संघाला दोषी धरले. संस्थांना संघाच्या निर्णयांना आव्हान देणे फार अवघड ठेवले आहे, असा तिचा निष्कर्ष होता. अखेर २०२१ मध्ये संघाला आपला नियम बदलावा लागला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो ते मुख्यतः खर्चाच्या धाकाने. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, अशी रीत. रग्बी गावातल्या सिमेंट कारखान्याच्या परवान्याविरुद्ध लढणाऱ्या एका बाई २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर हरल्या आणि सरकारी पक्षाने त्यांच्यापुढे ठेवलेली बिले होती एकूण ८८,१०० पौंडांची. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होते, म्हणून प्रकरण संघाच्या न्यायालयात गेले. २०१३ मध्ये त्याने सांगितले, की खर्च त्या माणसाच्या ऐपतीबाहेर नको, आणि एकूणातही अवाजवी नको. शेवटी त्यांच्यावर बसले २५,००० पौंड. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अशा खटल्यांत हरणाऱ्या व्यक्तीवरच्या बोज्याला ५,००० पौंडांची आणि संस्थांसाठी १०,००० पौंडांची मर्यादा आली.

कायदे असे जमत गेले तरी ते चालतात का, हे कोण सांगणार? १९९९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने काही देशांतल्या संस्थांना सोबत घेऊन 'अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्ह' सुरू केले. स्थानिक संस्थांनीच ठरावीक प्रश्न घेऊन आपल्या देशाची तपासणी करायची, कायदा वाचायचा आणि मग प्रत्यक्ष प्रकरण धरून माणसाला काय अनुभव आला ते पाहायचे, अशी पद्धत. सुरुवात नऊ देशांपासून झाली. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची, रिओच्या त्या तीन गोष्टी देशांनी कायद्यात कशा आणाव्यात हे सांगणारी बाली मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांवर बेतलेला निर्देशांक २०१५ मध्ये ७० देशांसाठी निघाला. त्यात कायद्यांवरचे ७५ निकष आणि प्रत्यक्ष व्यवहारावरचे २४. या आकड्यांतच मोजमापाची मर्यादा कळते: कायदा टेबलावर बसून वाचता येतो, व्यवहारासाठी कोर्टाच्या आवारात हिंडावे लागते.

लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी २०१८ मध्ये झालेला, ऑर्हूससारखाच एस्कासू करार २२ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल बहुधा कारखान्याकडेच असतात, म्हणून पुराव्याचा भार उलटवण्यासारख्या, म्हणजे सिद्ध करायचे काम तक्रारदाराऐवजी समोरच्यावर टाकण्यासारख्या उपायांचा उल्लेख त्यात आहे. शिवाय पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी त्याने देशांवर टाकली. ऑर्हूसच्या देशांनीही २०२२ मध्ये अशा लढणाऱ्यांसाठी स्वतंत्र विशेष प्रतिवेदक, म्हणजे तक्रारींची दखल घेणारा तज्ज्ञ, निवडला: मिशेल फोर्स्ट. धमकी येताच या प्रतिवेदकाकडे तक्रार करता येते. त्यासाठी आधी खटला दाखल केलेला असावा लागत नाही.