एकत्रित डीव्हीडी : अनेक प्रोजेक्ट, एक डिस्क

वेगवेगळे संपादित केलेले व्हिडिओ-प्रोजेक्ट एकाच डीव्हीडीवर, एका मेनूखाली, टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर चालतील असे बसवणे म्हणजे एकत्रित डीव्हीडी करणे. लग्नाच्या शूटिंगमध्ये ही गरज नेहमी पडते. साखरपुडा, हळद, लग्न आणि स्वागत समारंभ यांचे एडिटिंग वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या माणसांकडून होते. घरच्यांना मात्र एकच डिस्क हवी असते. शाळेच्या दोन दिवसांच्या स्नेहसंमेलनाचेही तसेच.

डिस्कवर प्रोजेक्ट जात नाही, हे आधी पक्के समजून घ्यावे लागते. प्रोजेक्टची फाइल ही नुसती यादी असते : कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत कापली, तिच्यावर कोणते टायटल, मागे कोणते गाणे. चित्र आणि आवाज त्या फाइलमध्ये नसतात, हार्डडिस्कवर दुसरीकडे असतात. म्हणूनच नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर उघडली की टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) क्लिपांच्या जागी 'फाइल सापडत नाही' एवढेच दिसते. डिस्कवर जातो तो प्रत्येक प्रोजेक्टमधून रेंडर होऊन, म्हणजे सगळे तुकडे, टायटल, गाणे एकत्र पक्के होऊन, निघालेला एमपेग-२ (डीव्हीडीवरच्या दाबलेल्या चित्राचा प्रकार) प्रवाह. एकत्र करायचे ते हेच प्रवाह, आणि ते करणाऱ्या टप्प्याला ऑथरिंग म्हणतात.

दोन तयार डीव्हीडींच्या फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी करूनही हे काम होत नाही. प्रत्येक डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचे फोल्डर असते आणि त्यातल्या फाइलींची नावे ठरलेली असतात, त्यामुळे दुसरीची फाइल पहिलीवर चढते. नावे बदलली तरी उपयोग नसतो. चित्र-आवाज व्हीओबी फाइलींत असतो, पण कोणता भाग डिस्कच्या कितव्या सेक्टरवर (ठरावीक मापाच्या छोट्या तुकड्यावर) सुरू होतो हे आयएफओ फाइलीत लिहिलेले असते. जागा सरकली की हे पत्ते खोटे ठरतात.

जोडण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग संपादनाच्या पातळीवरचा. एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रोजेक्टमधला सिक्वेन्स (जोडलेल्या क्लिपांची मालिका) दुसऱ्यात आयात करता येतो, प्रीमिअर प्रोमध्ये एक प्रोजेक्ट दुसऱ्यात आणता येतो, व्हेगसमध्ये एक प्रोजेक्ट दुसऱ्याच्या टाइमलाइनवर क्लिपसारखा ठेवता येतो. सगळे एकाच टाइमलाइनवर आले की शेवटी एकदाच रेंडर करायचे. फायदा असा की हळदीच्या टायटलमधली चूक शेवटच्या क्षणीही दुरुस्त होते. तोटा म्हणजे सगळे मूळ फुटेज एकाच यंत्रावर, त्याच जागी असावे लागते आणि जुना संगणक एवढ्या ओझ्याने अडखळतो.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रोजेक्ट आपल्या जागी पूर्ण करून रेंडर करणे आणि निघालेल्या फाइली ऑथरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणणे. अडोबी एन्कोर, डीव्हीडी आर्किटेक्ट आणि मोफत मिळणारे डीव्हीडीस्टायलर ही त्यासाठीची ओळखीची साधने. एन्कोरची सीएस६ ही शेवटची आवृत्ती, त्यानंतर अडोबीने ते पुढे नेले नाही. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर काम केले असेल तर हाच मार्ग बरा. पिनॅकल स्टुडिओच्या जुन्या आवृत्त्यांत एका वेळी एकच प्रोजेक्ट उघडतो, त्यामुळे तिथेही प्रत्येक प्रोजेक्टची फाइल काढून ती नव्या प्रोजेक्टमध्ये ओळीने लावावी लागते आणि मेनू तिथेच जोडावा लागतो.

दुसऱ्या मार्गात एक पथ्य आहे : डीव्हीडीसाठीचे एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून एमपेग-२ करणे, एकदाच व्हावे. प्रोजेक्टमधून एमपेग-२ काढून ते पुन्हा टाइमलाइनवर टाकले आणि परत एमपेग-२ केले, तर शालूच्या जरीचे बारीक काम आणि केसांच्या कडा दोनदा घासल्या जातात. थेट ऑथरिंगला द्यायचे असेल तर डीव्हीडीच्या नियमात बसणारे एमपेग-२ काढावे. परत टाइमलाइनवर न्यायचेच असेल तर मधली फाइल कमी दाबलेली ठेवावी. डीव्ही एव्हीआय या अशा प्रकाराला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, पण चित्र टिकते.

जागेचे गणित

रेंडर सुरू करण्याआधी हे गणित मांडावे, कारण एका प्रोजेक्टला हात सैल सोडला तर शेवटच्याला जागा उरत नाही. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आकडा ४.३७ जीबी असा दाखवतो, आणि फाइली ४.६ जीबी होऊनही 'चार पॉइंट सातमध्ये बसतील' ही फसगत इथूनच होते. वजा चिन्हाच्या (डीव्हीडी-आर) डिस्कवर २२,९८,४९६ सेक्टर असतात, अधिक चिन्हाच्या (डीव्हीडी+आर) डिस्कवर २२,९५,१०४. म्हणजे काठोकाठ भरलेली इमेज (अख्ख्या डिस्कची एक फाइल) एकीवर बसते आणि दुसरीवर बसत नाही.

समजा साखरपुडा २५ मिनिटे, हळद २०, लग्न ७५ आणि स्वागत समारंभ २०. एकूण १४० मिनिटे, म्हणजे ८,४०० सेकंद. ४.७ अब्ज बाइटचे ३७.६ अब्ज बिट होतात. भागाकार केला की सेकंदाला ४.४८ मेगाबिट येतात. मेनू आणि आयएफओ यांच्यासाठी चार टक्के सोडले की ४.३ उरतात. आवाज २२४ किलोबिटच्या एसी-३ या दाबलेल्या प्रकारात ठेवला तर चित्राला साधारण ४.०५ मेगाबिट मिळतात. तोच आवाज न दाबलेल्या पीसीएममध्ये ठेवला तर तो एकटाच १.५४ मेगाबिट खातो आणि चित्राच्या वाट्याला पावणेतीन येतात. एवढ्या लांबीच्या डिस्कवर पीसीएमचा हट्ट धरू नये.

हे चार मेगाबिट सगळ्यांना सारखे वाटणेही बरोबर नाही. मंगलाष्टकांतल्या शेवटच्या 'सावधान'ला अक्षता पडतात, एकाच वेळी पाच-सहा फ्लॅश उडतात, गर्दी उसळते. पडद्याचा प्रत्येक ठिपका दर चौकटीला (फ्रेमला) बदलतो, एन्कोडरकडचे बिट संपतात आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटते, तेही नेमके सगळे जण बघत असताना. दोन फेऱ्यांचे बदलत्या बिटरेटचे (सेकंदाला दिलेल्या बिटांचे) एन्कोडिंग शांत दृश्यांतले बिट वाचवून अशा जागी देते. पण ही वाटणी एका फाइलीच्या आतच होते, साखरपुड्यातून वाचलेले बिट लग्नाला मिळत नाहीत. ते हाताने द्यावे लागतात : लग्नाच्या ७५ मिनिटांना सरासरी ४.६ आणि उरलेल्या ६५ मिनिटांना ३.४ ठेवले तरी एकूण हिशेब तेवढाच राहतो. कमाल मर्यादा ८ च्या आसपास ठेवावी. नियमाने चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तेवढा वेग आला की जुने प्लेअर अडकतात.

सरासरी साडेतीनच्या खाली जात असेल तर ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क घ्यावी किंवा सरळ दोन डिस्का कराव्यात. दोन थरांच्या डिस्कवर थर बदलताना काही प्लेअर क्षणभर थबकतात. ती जागा दोन प्रोजेक्टांच्या सांध्यावर आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळे प्रोजेक्ट एका मापाचे

भारतातली डीव्हीडी पाल पद्धतीची : ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी. आवाज ४८ किलोहर्ट्झचा असावा लागतो. गाण्यांच्या सीडीवरून आलेला ४४.१ चा आवाज आधी बदलून घ्यावा. अरुंद ४:३ आणि रुंद १६:९ या दोन्ही चित्रांचे ठिपके डीव्हीडीत सारखेच असतात, फरक फक्त फाइलीतल्या खुणेचा. खूण चुकली की नवरीचा चेहरा लांबट किंवा पसरट दिसतो. ४:३ आणि १६:९ चे प्रोजेक्ट एकाच टायटल-संचात (डिस्कवरच्या व्हिडिओंच्या एका गटात; इथे टायटल म्हणजे डिस्कवरचा एक व्हिडिओ) बसत नाहीत, त्यांना स्वतंत्र संच लागतात. असे ९९ संच करता येतात, तेव्हा अडचण जागेची नसून पुढे येणाऱ्या सलग चालण्याची आहे.

फिल्डचा (एका चौकटीतल्या एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा) क्रम ही सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारी गोष्ट. डीव्ही कॅमेऱ्याचे खालचे फिल्ड आधी येते, एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या इंटरलेस्ड (अशा दोन फिल्डांच्या) चित्राचे वरचे आधी. एका प्रोजेक्टमध्ये क्रम उलटा लागला तर संगणकावर काही कळत नाही. टीव्हीवर मात्र चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. चारही प्रोजेक्टांतला हालचालीचा एकेक तुकडा टीव्हीवर पाहिल्याशिवाय पूर्ण रेंडर लावू नये.

नातेवाईक अमेरिकेत असतील तर अजून एक प्रश्न येतो. तिथली पद्धत एनटीएससी, २९.९७ चौकटींची. तिथले अनेक प्लेअर पाल डिस्क चालवत नाहीत आणि दोष विनाकारण रीजन कोडला (डिस्क कोणत्या देशांत चालावी याच्या खुणेला) दिला जातो. घरी बर्न केलेल्या डिस्कला रीजनचे बंधन नसते. एका डिस्कवर दोन्ही पद्धती मिसळता येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी प्रत करावी किंवा संगणकावर पाहायला सांगावे.

मेनू आणि चॅप्टर

प्रत्येक प्रोजेक्टला मेनूवर एक बटण, आणि प्रोजेक्ट संपला की परत मेनू, ही साधी रचना. ती आपोआप होत नाही : प्रत्येक टायटलच्या शेवटी काय करायचे हे सांगावे लागते. राहून गेले तर हळद संपताच प्लेअर थांबतो किंवा भलतीकडे जातो. 'सगळे सलग पाहा' हे बटण दिसते तेवढे सोपे नाही. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एका संचातल्या टायटलमधून दुसऱ्या संचातल्या टायटलवर थेट उडी मारता येत नाही, मुख्य मेनूच्या क्षेत्रातून जावे लागते. सॉफ्टवेअर हे पडद्याआड करते, पण सांध्यावर पडदा क्षणभर काळा होतो. अखंड चालायला हवे असेल तर चारही प्रोजेक्ट एकाच टाइमलाइनवर लावून चॅप्टरनी वेगळे करावेत.

चॅप्टरची खूण पूर्ण चौकटीवरच (जिच्यात इतर चौकटींच्या आधाराशिवाय अख्खे चित्र असते) बसते, आणि पालमध्ये अशा दोन चौकटींत १५ पर्यंत अंतर असू शकते, म्हणजे सेकंदाचा सहा दशांश भाग. तयार फाइलीवर नंतर खूण लावली तर ती जवळच्या पूर्ण चौकटीवर सरकते आणि सप्तपदीच्या चॅप्टरची सुरुवात कन्यादानाच्या शेपटाने होते. एन्कोडिंगच्या आधीच टाइमलाइनवर खुणा लावल्या, की एन्कोडर तिथे पूर्ण चौकट घालतो.

मराठी मेनूत वेगळीच अडचण येते. जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरांना देवनागरीची जोडणी येत नाही : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, जोडाक्षरे सुटतात, 'विवाह'सारखा साधा शब्दही मोडतो. मेनूचे अख्खे पान चित्र म्हणून दुसरीकडे तयार करावे, त्यावरच नावे लिहावीत आणि ऑथरिंगमध्ये फक्त पारदर्शक बटणे ठेवावीत. मजकूर कडांपासून दहा टक्के आत असावा, नाहीतर जुन्या टीव्हीवर कापला जातो. फाइलींची आणि डिस्कची नावे मात्र साध्या रोमन लिपीत, रिकामी जागा न सोडता द्यावीत.

बर्न करणे

थेट डिस्कवर लिहिण्याऐवजी आधी हार्डडिस्कवर इमेज तयार करून ती संगणकावर चालवून पाहावी. प्रत्येक बटण, प्रत्येक चॅप्टर आणि प्रत्येक टायटलचा शेवट तपासावा. मग पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर एक प्रत काढून खऱ्या प्लेअरवर लावावी. १६ पटीच्या डिस्कवर ८ पटीने लिहिणे बरे, शेवटी डिस्क बंद (फायनलाइझ) करण्याचा पर्याय चालू असावा. बंद न केलेली डिस्क संगणकावर दिसते, प्लेअरवर दिसत नाही. कागदी गोल लेबल चिकटवू नये. ते सोलते, डिस्कचा तोल जातो आणि चित्र बाहेरच्या कडेपाशी, म्हणजे सहसा शेवटच्या प्रोजेक्टमध्ये, अडकते. डिस्क दिल्यावर इमेज जपून ठेवावी. दोन वर्षांनी प्रत मागितली गेली तर चारही प्रोजेक्ट पुन्हा उघडावे लागत नाहीत.