'गॉन विथ द विंड'मागचे युद्ध

मार्गारेट मिचेलच्या या कादंबरीची जुनी प्रत घेताना शेवटचे, म्हणजे ६३वे प्रकरण शाबूत आहे ना, ते आधी बघावे. हजार पानांच्या जाडीमुळे पेपरबॅकची पाठ मध्येच तुटते आणि पाने गळतात. आत 'मे १९३६' छापलेले असून पुढच्या छपायांचा उल्लेख नसेल, तर ती मॅकमिलन या प्रकाशकाची पहिली छपाई. पुस्तक प्रत्यक्ष प्रकाशित झाले ३० जूनला.

कादंबरीची नायिका, तरुण स्कार्लेट, हिच्या वाट्याला आलेली टंचाई मात्र कल्पनेतली नाही; ती अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली खरी टंचाई. १२ एप्रिल १८६१ला देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेने फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि आठवडाभरातच अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेचा पैसा कापसात आणि गुलामांत अडकलेला, कारखाने बहुतेक उत्तरेत. घरात कापूस ढिगाने पडलेला, पण तो विंचरायच्या तारांच्या फण्या बाहेरून येत. त्या मिळेनात, म्हणून सूत कातणेही अडले.

मिठावाचून सर्वांत जास्त हाल झाले. डुकराचे मांस मिठात मुरवून धुरावल्याशिवाय टिकत नसे. मीठ कमी पडले की ते हाडाजवळून सडू लागे. मग लोकांनी धुरीघरांतली जमीन खणली, कारण वर टांगलेल्या मांसातून वर्षानुवर्षे गळलेले मीठ त्या मातीत मुरले होते. माती पिंपात भरून वरून पाणी ओतायचे, खाली झिरपलेले खारे पाणी उकळायचे, वर आलेला मळ काढत आटवायचे. हाती येई ते मळकट मीठ. कॉफीऐवजी भेंडीच्या बिया भाजून उकळत. मार्च १८६३मध्ये अटलांटातच बायकांनी पिस्तूल रोखून दुकानातले खारवलेले मांस नेले.

याच नाकेबंदीने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि मुंबईत भाव कडाडले. त्या पैशावर समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांचा सट्टा पेटला; १८६५मध्ये युद्ध संपताच तो कोसळला.

कादंबरी फसवते ती गुलामगिरीबाबत. १८६०च्या जनगणनेत, अटलांटा ज्यात येते त्या जॉर्जिया राज्यातल्या १०,५७,२८६ लोकांपैकी ४,६२,१९८ गुलाम होते. मिचेलबाई १९००मध्ये अटलांटात जन्मल्या, दक्षिणेच्या हरलेल्या सैनिकांच्या आठवणी ऐकत वाढल्या. म्हणून पुस्तकात निष्ठावान नोकर ठळक दिसतात, पळून जाणारे फारसे नाहीत. प्रत्यक्षात उत्तरेचे सेनापती शर्मन यांचे सैन्य अटलांटाहून निघाले, तेव्हा मुक्तीच्या आशेने हजारो गुलाम, त्यात लेकुरवाळ्या बायाही, मागोमाग चालू लागले. ९ डिसेंबर १८६४ला एबेनेझर ओढा ओलांडताच त्याच सैन्याच्या एका तुकडीने तरता पूल काढून घेतला. मागून दक्षिणेचे घोडेस्वार. अनेकजण बुडाले, उरलेल्यांतले कित्येक पकडले गेले. पुढच्याच महिन्यात शर्मन यांनी मुक्त कुटुंबांना किनाऱ्यालगत प्रत्येकी ४० एकरपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊ केली.