विजेचा धक्का

माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातून विद्युत प्रवाह गेल्याने होणारी इजा. बोलीभाषेत ‘शॉक लागणे’, ‘करंट बसणे’. इजा किती होणार हे निव्वळ व्होल्टवर ठरत नाही. प्रवाह किती, किती वेळ आणि कोणत्या वाटेने गेला, हे पाहावे लागते.

घरच्या विजेचा १ मिलीअँपिअर प्रवाह मुंग्यांसारखा जाणवतो. १०च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. ‘वीज ओढून धरते’ हा समज यातूनच आला. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून सेकंदभर गेले, तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरत राहू शकते. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, हजार ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर. एवढ्याने ५ अँपिअरचा फ्यूज उडतही नाही. ३० मिलीअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी लागतो तो याचसाठी.

जनावरांची गोष्ट निराळी. पावसाळ्यात तार तुटून रानात पडली, की प्रवाह जमिनीत पसरतो आणि तारेपासून दूर जावे तसा विजेचा दाब (व्होल्टेज) उतरत जातो. पायांतले अंतर जितके जास्त, तितका दाबातला फरक जास्त. माणसाच्या एका पायातून चढलेला प्रवाह दुसऱ्यातून उतरतो, हृदय बरेचसे वाटेबाहेर राहते. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब, खूर चिखलात रुतलेले, आणि मधल्या वाटेवर छाती. त्यामुळे कासरा धरणारा झिणझिण्यांवर सुटतो आणि बैल जागीच कोसळतो, असेही घडते. आकाशातली वीजही जमिनीतून अशीच मारते: ऑगस्ट २०१६मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविद्दा पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेले.

एका तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही. पंख पसरलेले वटवाघूळ दोन तारांना टेकले की संपले.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनची वीज सोडणे बेकायदा आहे, आणि त्यात माणसेही मरतात. कुंपणाला जोडायचे ‘झटका मशीन’ हजारो व्होल्ट देते खरे, पण सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरतेच, आणि मध्ये सुटायला वेळ ठेवून.

कोसळलेल्या बैलाकडे धावत जाणारा मालक त्याच जमिनीवर पाय टाकत असतो. आधी वायरमनकडून लाइन बंद करून घ्यावी. ११ हजार व्होल्टच्या तारेजवळ कोरडी काठीही भरवशाची नाही. आपणच तिथे सापडलो, तर पाय न उचलता, जमिनीला घासत, जेमतेम वीतभर सरकत बाहेर पडावे.